वडिलांच्या दुकानाचं कर्ज कुणाकुणाच्या अंगावर येतं? एकत्र कुटुंबाच्या धंद्याचा कायदा काय सांगतो

लातूरचा मोंढा, गंजगोलाईतली कापडाची दुकानं किंवा नांदेडच्या वजिराबाद-इतवाऱ्यातली बाजारपेठ. या सगळीकडे 'अँड सन्स' आणि 'ब्रदर्स' अशा पाट्या जागोजागी दिसतात. दुकान आजोबांनी सुरू केलेलं असतं. वडील गल्ल्यावर बसतात, थोरला मुलगा मालाची खरेदी बघतो, धाकटा पुण्यात नोकरी करतो आणि मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली असते. धंदा नीट चालतो तोवर 'दुकान नेमकं कुणाचं?' हा प्रश्न घरात निघत नाही.

मग एखाद्या वर्षी सोयाबीन किंवा तुरीचा भाव कोसळतो, उधारीवर गेलेल्या मालाचे पैसे अडकतात आणि बँकेचं कॅश क्रेडिट खातं थकतं. नोटीस येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, "हे कर्ज फेडायचं कुणी?"

यावर दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. पहिलं, "बापाचं देणं पोरांना फेडावंच लागतं." दुसरं, "2005 च्या कायद्यानंतर मुलांचा काही संबंध राहिलेला नाही." दोन्ही उत्तरं अर्धवट खरी आहेत आणि त्यांच्यावर विसंबून राहिलं तर नुकसान होऊ शकतं.

थोडक्यात उत्तर काय?

कुटुंबाच्या धंद्यासाठी कर्त्याने काढलेलं कर्ज कुटुंबाच्या एकत्र मालमत्तेतून वसूल होऊ शकतं. त्यात प्रत्येक सदस्याचा हिस्सा जाऊ शकतो. पण ज्या सदस्याने सही केलेली नाही, त्याच्या स्वतःच्या कमाईला आणि स्वतंत्र मालमत्तेला साधारणपणे हात लावता येत नाही. सही केली असेल तर मात्र हे संरक्षण उरत नाही.

कायद्याच्या दृष्टीने 'एकत्र कुटुंब' म्हणजे कोण?

एका घरात राहणारे, एका चुलीवर जेवणारे सगळे म्हणजे एकत्र कुटुंब, हा व्यवहारातला अर्थ झाला. कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजेच एचयूएफ, ही वेगळी कल्पना आहे. मराठवाड्यात त्यासाठी मिताक्षरा पद्धतीचे नियम लागू होतात.

या कुटुंबातल्या काही जणांना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क असतो. त्यांना सहदायाद म्हणतात. वकिलांच्या तोंडी 'कोपार्सनर' हा शब्द असतो. मुलगे आणि मुली दोघंही सहदायाद असतात. पत्नी आणि सून कुटुंबाच्या सदस्य असतात, पण सहदायाद नसतात. कुटुंबाचा कारभार पाहणारा तो कर्ता. सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी जी नोंद दिसते, ती याच भूमिकेची असते.

हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन आणि शीख धर्मीयांनाही लागू आहे. त्यामुळे नांदेडमधल्या शीख कुटुंबांसाठी आणि दोन्ही शहरांतल्या जैन व्यापारी घरांसाठीही हा विषय महत्त्वाचा ठरतो.

घर एकत्र आहे म्हणून प्रत्येक मालमत्ता एकत्र कुटुंबाची ठरत नाही. श्रीनिवास कृष्णराव कांगो विरुद्ध नारायण देवजी कांगो या 1954 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. कुटुंब एकत्र आहे एवढं दाखवून भागत नाही. नवी मालमत्ता घेता येईल इतकी मूळ वडिलोपार्जित मिळकत होती, हे आधी सिद्ध करावं लागतं. मग ती मालमत्ता स्वकष्टाची आहे, हे दाखवण्याची जबाबदारी समोरच्यावर येते.

तसंच वडिलांनी स्वतःच्या कमाईतून दुकान घेतलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते वारसाहक्काने मुलांकडे आलं, तर ते आपोआप एचयूएफचं होत नाही. 1986 मध्ये चंदर सेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असं म्हटलं आहे. म्हणून कर्जाच्या वादात दुकान कुणी आणि कुठल्या पैशातून घेतलं, हे आधी तपासलं जातं.

कर्त्याला किती कर्ज काढता येतं?

चालू धंद्यासाठी कर्ज काढण्याचा अधिकार कर्त्याला असतो. आडतीच्या दुकानासाठी खेळतं भांडवल, माल भरण्यासाठी उचल, गोदामाची दुरुस्ती अशा नेहमीच्या व्यवहारांसाठी त्याला प्रत्येक सहदायादाची सही घ्यावी लागत नाही. मुलगा पुण्यात होता, त्याला माहीतच नव्हतं, एवढ्या कारणाने त्याचा एकत्र मालमत्तेतला हिस्सा सुटत नाही.

पण या अधिकाराला मर्यादा आहेत. एकत्र मालमत्ता गहाण टाकायची किंवा विकायची असेल तर कुटुंबाची खरी गरज किंवा मालमत्तेचा फायदा दिसला पाहिजे. 1856 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे प्रकरणात घालून दिलेला नियम आजही वापरला जातो. पैसे देणाऱ्याने कर्ज कशासाठी हवंय याची प्रामाणिक चौकशी केली पाहिजे. ती केली असेल तर पुढे पैसा प्रत्यक्षात कुठे खर्च झाला, यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते.

दुसरी मर्यादा नव्या धंद्याची आहे. किराणा दुकान चालवणाऱ्या कुटुंबाच्या कर्त्याने अचानक वेगळाच, जोखमीचा धंदा काढला तर त्याचं कर्ज सगळ्यांवर लादता येत नाही. विशेषतः अज्ञान मुलांचा हिस्सा त्यात ओढता येत नाही. 1922 मध्ये संन्यासी चरण मंडल प्रकरणात आणि 1932 मध्ये बनारस बँक प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितलं. सज्ञान सदस्यांनी नव्या धंद्याला संमती दिली असेल, तर त्यांच्या बाबतीत चित्र बदलतं.

कर्ता मालमत्ता गहाण टाकतोय हे कळल्यावर सहदायादाला त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवणं अवघड आहे. सुनील कुमार विरुद्ध राम प्रकाश या 1988 च्या निकालानुसार, व्यवहार झाल्यानंतर त्याला आव्हान देणं हा सहदायादापुढचा मार्ग असतो.

एका उदाहरणाने समजून घेऊ

समजा, लातूरच्या मोंढ्यात एका कुटुंबाचं वडिलोपार्जित आडत दुकान आहे. वडील कर्ता आहेत. थोरल्या मुलाने बँकेत जामीनदार म्हणून सही केली आहे. धाकटा पुण्यात नोकरी करतो आणि त्याने कुठेच सही केलेली नाही. मुलगी नांदेडला असते, तिनेही सही केलेली नाही. दुकान बुडालं तेव्हा बँकेचं देणं 90 लाख रुपये होतं. दुकान आणि गोदाम ही एकत्र मालमत्ता 60 लाखांना विकली गेली.

या 60 लाखांत चौघांचेही हिस्से गेले, धाकट्याचा आणि मुलीचासुद्धा. उरले 30 लाख.

वडील कर्ता आहेत आणि करार त्यांनीच केलेला आहे, म्हणून त्यांची जबाबदारी अमर्याद आहे. त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलेला 12 लाखांचा प्लॉटही वसुलीत जाऊ शकतो. मग उरले 18 लाख.

थोरला मुलगा जामीनदार आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणून त्याची स्वतःची बचत आणि घर अडचणीत येतं. वडिलांचा प्लॉट आधी विकला जाईल, मग आपला नंबर लागेल, असं त्याला गृहीत धरता येत नाही.

धाकट्याचा पगार आणि त्याने नोकरीच्या पैशातून घेतलेला फ्लॅट सुरक्षित आहे. शिक्षणाच्या बळावर मिळवलेली कमाई त्याची स्वतःची असते, हे 1930 च्या कायद्यानेच ठरवलेलं आहे, मग त्याच्या शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केलेला असला तरी. मुलीचं सासरचं घर, दागिने आणि कमाई यांनाही धक्का लागत नाही. आईचं स्त्रीधनही एकत्र मालमत्तेत मोजलं जात नाही.

यात एक अपवाद आहे. सही नसली तरी एखादा सदस्य बँकेशी, व्यापाऱ्यांशी स्वतः व्यवहार करत असेल, किंवा कर्ज झाल्यावर त्याने ते मान्य केलं असेल, तर न्यायालय त्यालाही करारातला पक्ष मानू शकतं.

मग 2005 मध्ये काय बदललं?

जुन्या हिंदू कायद्यात एक वेगळा नियम होता. वडिलांचं वैयक्तिक कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य मानलं जायचं. पितृऋणाची कल्पना तिथूनच येते. जुगार, व्यसन अशा अनैतिक कारणांसाठी घेतलेलं कर्ज, ज्याला 'अव्यावहारिक' म्हटलं जायचं, ते यातून वगळलेलं होतं. बाकीच्या कर्जासाठी मुलांचा एकत्र मालमत्तेतला हिस्सा जबाबदार असायचा.

मुंबई इलाख्यात तर एकेकाळी वडिलांकडून काहीही मिळालं नसलं तरी मुलावर कर्जाचा बोजा यायचा. 1866 च्या मुंबईच्या कायद्याने ती जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. तेव्हा आजचे नांदेड आणि लातूर जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे तो कायदा इथे लागू नव्हता. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं आणि 1956 चा हिंदू वारसा कायदा इथेही लागू झाला. धार्मिक कर्तव्याचा नियम मात्र त्यानंतरही टिकून राहिला.

तो किती कडक होता, हे एस. एम. जकाती विरुद्ध एस. एम. बोरकर या प्रकरणात दिसतं. धारवाडची एक नागरी सहकारी बँक अवसायनात निघाली आणि तिच्या व्यवस्थापकीय संचालकावर नुकसानभरपाईची जबाबदारी आली. वसुलीसाठी कुटुंबाची मालमत्ता विकली गेली. आपला हिस्सा त्यात जायला नको होता, असं मुलांचं म्हणणं होतं. हे देणं अनैतिक नाही, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये मुलांच्या विरोधात निकाल दिला.

9 सप्टेंबर 2005 पासून हा नियम बंद झाला. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 6 मधल्या नव्या तरतुदीनुसार, केवळ धार्मिक कर्तव्य या एका कारणावरून मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून वडील, आजोबा किंवा पणजोबांचं कर्ज वसूल करता येत नाही. त्या तारखेआधीच्या कर्जांना जुनाच नियम लागू राहतो.

गैरसमज होतो तो इथेच. वडिलांचं वैयक्तिक कर्ज आणि कुटुंबाच्या धंद्याचं कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2005 च्या बदलाने पहिल्याबद्दलचा नियम बदलला. कर्ता म्हणून कुटुंबाच्या दुकानासाठी घेतलेलं कर्ज एकत्र मालमत्तेवर येतं ते धार्मिक कर्तव्यामुळे नव्हे, तर कर्ता कुटुंबाच्या वतीने व्यवहार करतो म्हणून. तो नियम आजही कायम आहे.

मुलींना हक्क मिळाला, मग कर्जही आलं का?

हो, हिश्शापुरतं. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासूनच मुलींना सहदायाद केलं होतं. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्रीय कायद्यात ही अट राहिली नाही. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनिता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही.

त्याच कलमात मुलीला मुलाइतक्याच जबाबदाऱ्याही दिलेल्या आहेत. म्हणजे लग्न झालेल्या मुलीने वाटणी मागितली तर आधी कुटुंबाच्या देण्यांची तरतूद होते आणि उरलेल्या मालमत्तेत तिचा हिस्सा ठरतो. पण सही केलेली नसेल तर तिच्या संसारातून कुणालाही वसुली करता येत नाही.

बँकेच्या कागदावर नेमकं काय लिहिलेलं असतं?

एचयूएफच्या नावाने खातं उघडताना किंवा कर्ज घेताना बँक कर्ता आणि सज्ञान सहदायादांच्या सह्यांचं एक पत्र घेते. 'फक्त औपचारिकता आहे' असं म्हणून ते पुढे केलं जातं. पण अनेक बँकांच्या छापील नमुन्यात एक महत्त्वाचं वाक्य असतं. बँकेचं येणं कुटुंबाच्या सगळ्या मालमत्तेतून, अज्ञान सदस्यांच्या हिश्शासह, आणि सही करणाऱ्या प्रत्येकाकडून वैयक्तिकरीत्याही वसूल करता येईल, असा त्याचा आशय असतो.

कायद्याने हिश्शापुरती ठेवलेली जबाबदारी या एका सहीने अमर्याद होऊ शकते. सहकर्जदार आणि जामीनदार म्हणून केलेल्या सहीचंही तेच होतं. म्हणून मुलगा, मुलगी, सून किंवा आईने सही करण्याआधी आपली सही कुठल्या नात्याने घेतली जातेय, हे वाचणं आवश्यक आहे.

चेक परत गेल्याच्या गुन्ह्याचा नियम वेगळा आहे. खातं पती-पत्नीचं संयुक्त असलं तरी ज्याने चेकवर सही केली त्याच्यावरच खटला चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अपर्णा शहा प्रकरणात सांगितलं.

वाटणी किंवा हक्कसोड केल्याने सुटका होते का?

वाटणीनंतर काढलेल्या कर्जाशी वेगळ्या झालेल्या सदस्याचा संबंध राहत नाही. पण कर्ज आधीचं असेल तर वाटणीपत्र दाखवून बँकेचा किंवा व्यापाऱ्याचा हक्क संपत नाही. देणं बुडवण्याच्या हेतूने मालमत्ता इकडची तिकडे केली असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली धनको त्या व्यवहाराला आव्हान देऊ शकतो.

करांच्या बाबतीतही तसंच आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 93 नुसार एचयूएफची वाटणी झाली तरी तोपर्यंतच्या थकबाकीसाठी सगळे सदस्य संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार राहतात.

हक्कसोड पत्राबद्दलही गैरसमज आहे. बहिणीने भावांच्या नावे हक्कसोड केली की मालमत्तेतला तिचा हिस्सा जातो. पण तिने आधी जामीनदार म्हणून सही केलेली असेल तर ती जबाबदारी तशीच राहते. म्हणजे मालमत्ता गेली आणि देणं उरलं, अशी तिची अवस्था होऊ शकते. चालू जामीन पुढच्या व्यवहारांपुरता रद्द करायचा असेल तर बँकेला लेखी कळवावं लागतं. आधी झालेल्या व्यवहारांची जबाबदारी त्यानेही जात नाही.

कर्ता वारला तर?

कर्त्याच्या मृत्यूनंतर वारसांवर त्याच्या वैयक्तिक कर्जाची जबाबदारी येते ती त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरती. काहीच मिळालं नसेल तर वारसाला स्वतःच्या खिशातून भरावं लागत नाही.

मुलं लहान असतील आणि आई दुकान सांभाळत असेल तर प्रश्न गुंतागुंतीचा होतो. 1947 मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. विधवा आईने दोन अज्ञान मुलांच्या वतीने, खऱ्या गरजेसाठी वचनचिठ्ठी लिहून दिली होती. मुलांना ते कर्ज नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. पुढे 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधवा ही सहदायाद नसल्यामुळे कर्ता होऊ शकत नाही, असं स्पष्ट केलं. मुलांची पालक म्हणून ती कारभार पाहू शकते. मुलगी मात्र आता सहदायाद आहे. त्यामुळे थोरली मुलगी कर्ता होऊ शकते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये म्हटलं.

नोटीस आली तर काय बघायचं?

पहिलं, कर्ज कुणाच्या नावावर आहे: वडिलांच्या, एचयूएफच्या की भागीदारी फर्मच्या? भागीदारीचे नियम वेगळे असतात आणि तिथे प्रत्येक भागीदाराची जबाबदारी वैयक्तिक असते.

दुसरं, कुणाची सही कुठल्या नात्याने आहे? बँकेकडून कर्जाच्या सगळ्या कागदांच्या प्रती लेखी मागाव्यात.

तिसरं, कर्ज कधीचं आहे? साध्या पैशाच्या दाव्याची मुदत सहसा तीन वर्षं असते. पण मुदत संपण्याआधी कर्त्याने थकबाकीची लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरून तशी नोंद केली, तर मुदत नव्याने सुरू होते आणि ती कबुली सगळ्या कुटुंबाच्या वतीने धरली जाते.

चौथं, तारण काय आहे? सरफेसी कायद्याखाली बँक आधी 60 दिवसांची नोटीस देते. तिच्यावर आक्षेप घेतला तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे बँकेने ताबा घेण्याची कारवाई केली तर 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. मराठवाड्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे. शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागू होत नाही. पण त्यामुळे कर्ज माफ होत नाही, बँक दिवाणी मार्गाने वसुली करू शकते.

नोटिशीला उत्तर न देणं हा सगळ्यात महागात पडणारा पर्याय असतो. आपला हिस्सा, आपली स्वतंत्र मालमत्ता आणि आपली सही या तीन गोष्टी वेगळ्या करून, पुराव्याच्या कागदांसह वकिलाकडे जाणं हेच पहिलं पाऊल. आणि नवं कर्ज काढायच्या आधीच घरात बसून कर्जाचा कागद सगळ्यांनी वाचला, तर पुढचे बरेच वाद टळू शकतात.